दार उघडेपर्यंत नाव विचारायचं नाही

दिवस धुळवडीचा, वेळ दुपारची. जागा, आमच्या गावाच्या बाभुळगावकडच्या टोकाला असलेली कापूस ठेवायची खोली, पत्र्याच्या दाराची. दाराबाहेर हजर: माझी आई कमल, गावच्या दारूबंदी समितीची अध्यक्ष, सुमनकाकू, आमच्या शेजारीण आणि समितीच्या सचिव, वस्तीतल्या इतर बाया, आणि मी, तेव्हा अकरावीत. दाराच्या आत हजर: माझा मोठा भाऊ अमोल, त्याचा मित्र गजानन, आणि सुमनकाकूंचा एकुलता एक मुलगा प्रफुल्ल. तिघेही विशीतले. मत द्यायला, गाडी चालवायला आणि पोलीस भरतीत धावायला पुरेसे मोठे, दारूच्या कायद्याच्या लेखी मात्र लहान. वर्ष लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायची गरज नाही.

आमचं घर दोन खोल्यांचं, पुढे ओसरी, मागे न्हाणी आणि कढीपत्त्याचं झाड. सुमनकाकूंचं घर भिंतीला भिंत लागून. त्यांच्याकडे फोडणी पडली की आमच्याकडे शिंक यायची, इतकं जवळ. पहाटे सगळ्यात आधी ऐकू यायचे ते अमोल आणि प्रफुल्लचे कॅनव्हासचे बूट, कारण दोघे भरतीसाठी डांबरी रस्त्यावर धावायला जायचे. परत आले की भिजवलेले चणे खायचे, आणि प्रफुल्ल आमच्याच ओसरीवर बसून खायचा, कारण त्याच्या मते आमच्या घरचे चणे जास्त भिजायचे. मला कामांच्या याद्या करायची सवय तेव्हापासूनच. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी दळण, रॉकेल, वह्या असं लिहून ठेवायची. प्रफुल्ल त्यात शेवटी लिहून जायचा, 'प्रफुल्लला चहा'. मी खोडलं की दुसऱ्या दिवशी 'प्रफुल्लला चहा, साखर जास्त'. मला तो मॅडम म्हणायचा. गावात मला तसं म्हणणारा तो पहिला.

दर रविवारी विहारात वंदना व्हायची. पंचशील म्हणताना पाचव्या शीलावर, म्हणजे मादक पदार्थांपासून दूर राहण्याच्या शीलावर आलं की आईचा आवाज आपोआप चढायचा. तिचा भाऊ, माझा मामा, दारूने गेला होता. त्याच्या तेराव्या-बिराव्याच्या भानगडीत आमच्याकडे कोणी पडत नाही, पण आईने एक गोष्ट केली. ती त्याच्या अंत्यविधीहून परत आली आणि घरोघरी फिरून बायांच्या सह्या गोळा करायला लागली. पुढे गावात मतदान झालं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. बायांनी आडव्या बाटलीवर शिक्के मारले आणि चौकातलं दुकान बंद झालं. त्या रात्री आमच्या घरी पाटवडीचा रस्सा झाला होता आणि आई जेवायला बसली ती घास हातात धरून नुसती बसूनच राहिली, हे मला स्पष्ट आठवतं.

बाबा यवतमाळच्या एसटी आगारात मेकॅनिक. पगाराच्या दिवशी ते तिकडेच थोडी घेऊन बडीशेप चावत यायचे. त्यांच्याजवळ दारूचा परवाना होता, सरकारी शिक्क्याचा, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला. आईने तोंड उघडलं की ते खिशातून परवाना काढायचे.

"हे पाय. माह्याकडून शील मोडलं असन, कायदा नाई मोडला."

"मंग त्या शिक्क्यालेच सांगा जेवाले वाढाले," आई म्हणायची.

समितीची एक पद्धत होती. गावात कोणी पिऊन बसल्याची खबर लागली की बाया घरातून ताट आणि पळी घेऊन निघायच्या, त्या दारासमोर बसायच्या आणि ताटं वाजवायच्या. मारझोड नाही, शिवीगाळ नाही. आतला माणूस कंटाळून दार उघडायचा, सगळ्यांसमोर पाचवं शील म्हणायचा, आणि बाया उठायच्या. दुसऱ्यांदा सापडला तर विहारात नाव वाचलं जायचं आणि पोलीस ठाण्यात चिठ्ठी जायची. यात आईने स्वतः एक नियम घातला होता. दार उघडेपर्यंत नाव विचारायचं नाही, नाव घ्यायचं नाही. खबर खोटी असू शकते, आत पाहुणा असू शकतो, उगाच कोणाच्या नावाची दवंडी नको. नियम दयेपोटीच केलेला होता. लोकांनाही तो आवडला होता. आई एकदा आपल्याच दारासमोर ताट घेऊन बसली होती, बाबांसाठी. बाबा बाहेर आले, हात जोडून पाचच्या पाच शीलं म्हटली आणि विचारलं, "आता जेवाले भेटन का?" बाया हसून हसून लोळल्या. तेव्हा दार नेहमीच उघडायचं. कोणाचं लवकर, कोणाचं उशिरा, पण उघडायचं.

त्या वर्षी होळीच्या आधी जेवताना एक बोलणं झालं, तेही लिहून ठेवते, कारण आज मला ते आईच्या सगळ्या भाषणांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. अमोल उठून हात धुवायला गेला होता. बाबा हळूच म्हणाले, "कमल, पोट्टा विशीत आला. धुळवडीले मित्र पाजतीनच त्याले. त्यापेक्षा माह्या समोर एक घोट घेऊ दे. किती घ्याची, पोटात काय पाह्यजे, सोबतचा पडला त काय कराचं, हे तरी शिकन."

"माह्या घरात?"

"मंग कोनाच्या घरात शिकन थो?"

"कोनाच्याच नाई. पंचवीस वर्सं होईपर्यंत सरकार बी नाई म्हनते. तुमच्यापेक्षा सरकारले अक्कल जास्त हाय."

बाबांनी भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला आणि विषय संपला. कडक दारूला पंचवीस आणि बिअरला एकवीस, हे आकडे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होते. आईला ते ढालीसारखे वाटायचे. अमोल आणि प्रफुल्लला त्यांचा अर्थ वेगळा लागत होता, आपण सापडलो तर केस, केस झाली तर चारित्र्य पडताळणी, पडताळणीत अडकलो तर भरती गेली. भरतीसाठी धावणाऱ्या पोरांना पोलिसांचीच भीती सगळ्यात जास्त, ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आली नाही.

धुळवडीच्या सकाळी वस्तीत पाट्यावर वाटण वाटल्याचा आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालू होता. भाजलेलं खोबरं, कांदा, खसखस. बाबा मटण घेऊन आले होते आणि कोणत्या तुकड्याला किती शिजवायचं यावर आईशी वाद घालत होते. पोरांनी पळसाची फुलं उकळून रंग केला होता. प्रफुल्ल सकाळीच धुतलेला शर्ट घालून निघाला, मला भिंतीवरून म्हणाला, "मॅडम, मावशीकडे चाल्लो घाटंजीले. चहाचं उद्या पाहू." सुमनकाकूंनी त्याच्यासोबत मावशीसाठी गाठीची माळ दिली होती. तो गेलाच नाही. एसटी भरलेली होती, का अमोलने अडवलं, हे मला कधी नीट कळलं नाही. तिघे आधी गावातल्या महादेवाच्या देवळाकडे गेले. तिथे दरवर्षी कळशीभर भांग व्हायची आणि प्रसाद म्हणून वाटली जायची. तिथे वय कोणी विचारायचं नाही. दहावीतलं पोरगं असो का म्हातारा, ओंजळ पुढे केली की पडायची. त्याच झाडाची फुलं चिलमीत भरली तर तुरुंग, पानं वाटून देवापुढे ठेवली तर प्रसाद. याचा मी पुढे खूप विचार केला, आणि अजूनही कोणत्या बाजूने काय बदलायला हवं ते मला एका वाक्यात सांगता येत नाही. भांगेवर त्यांनी बाहेरून आणलेली देशी घेतली. रिकाम्या पोटी, उन्हात, घाईघाईने, कारण पकडले जायच्या आत संपवायची होती.

दुपारी जेवणं उरकत होती तेव्हा खबर आली, कापसाच्या खोलीत पोरं पिऊन राह्यली. आईने पदर खोचला. सुमनकाकू आमच्याकडेच जेवायला होत्या. त्यांनी हात धुतले आणि आपलंच जेवलेलं ताट विसळून हातात घेतलं. जाताना त्या हसत होत्या. "कोनाचं पोट्टं असन व कमल? आज पंचशील म्हनता म्हनता जीभ अडखळन त्याची." मी मागे निघाले. आलेल्या बायांची हजेरी मीच लावायची.

दार आतून बंद होतं. बाहेर चपला नव्हत्या, पोरांनी त्या आत घेतल्या होत्या. बाया सावलीत बसल्या आणि ताटं सुरू झाली. पत्र्याचं दार तो आवाज दुप्पट करून परत फेकत होतं. मध्ये थोडं थांबायचं, आतून काही येतं का ऐकायचं, पुन्हा सुरू करायचं, अशी रीत होती. आतून काहीच आलं नाही. पहिल्यांदाच असं झालं होतं, म्हणून बाया चिडल्या. कोणीतरी म्हणालं, "मस्ती आली यायले." सुमनकाकू उठल्या आणि थेट दारापाशी जाऊन पळीने पत्र्यावरच मारायला लागल्या. "निंगा रे बाहेर. तुमच्या मायबापाले नाई लाज, आमाले हाय." आई म्हणाली, "सुमन, मायबाप नको काढू. नियम हाय." काकू म्हणाल्या, "नाव थोडी घेतलं मी," आणि पुन्हा मारायला लागल्या. भिंतीची सावली रस्त्यापर्यंत आली तरी बाया हलल्या नाहीत.

शेवटी कडी वाजली. दारात अमोल उभा होता. अंगावर शर्ट नव्हता. त्याला बघून आईचा हात तसाच वर राहिला. पण तो आईकडे बघत नव्हता. तो सुमनकाकूंकडे बघत होता.

"काकू, प्रफुल्ल उठून नाई राह्यला."

काकू हसल्या. खरंच हसल्या. "कोन प्रफुल्ल? आमचा त घाटंजीले गेला."

ताटं थांबली होती, तरी माझ्या कानात तो आवाज चालूच होता. काकू आत गेल्या. त्यांच्या हातातलं ताट त्यांनी आधी दाराजवळ नीट भिंतीला टेकवून ठेवलं, आणि मग आत गेल्या.

बाबांनी कोणाची तरी जीप आणली. बाभुळगावच्या डॉक्टरांनी तपासलं आणि जे सांगितलं ते बाबांनी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. त्याला झोपेतच उलटी झाली होती, ती श्वासनळीत गेली. कुशीवर असता तर कदाचित वाचला असता. थोडं आधी आणलं असतं तरीही कदाचित. बाबा 'कदाचित' हा शब्द दोन्ही वेळा डॉक्टरांसारखाच सावकाश बोलले. पोलीस आले, त्यांनी अमोलचा आणि गजाननचा जबाब घेतला, आणि गेले. दोघांपैकी कोणावरही कसलीच केस झाली नाही. ज्या भीतीने दार बंद राहिलं होतं, ती भीती खोटी होती. भरतीला अमोल नंतर गेलाच नाही. बूट पुष्कळ दिवस ओसरीखाली पडून होते, मग आईने कोणाला तरी देऊन टाकले.

आत काय झालं हे अमोलने मला एकदाच सांगितलं. माझ्या लग्नाच्या आधी, मोटरसायकलवरून यवतमाळला जाताना, मागे वळून न बघता. म्हणून ते मी त्याच्या पाठीकडे बघत ऐकलं. "थो घोरून राह्यला होता, सुजा. वेगळाच आवाज होता. गजू म्हने, जीप पाहू. मी कडीले हात लावला आन् तेवढ्यात ताटं सुरू झाली. मले वाटलं, आता उघडलं त त्याचं नाव हुईन, माह्यं हुईन, वय कमी म्हनून पयल्याच वेळी चिठ्ठी जाईन. बाया गेल्या का नेऊ. त्याले आराम पडावा म्हनून मी माह्या शर्टाची घडी करून डोक्याखाली दिली. पाठीवर नीट सरळ झोपवलं. मंग ताटाच्या आवाजात त्याचं घोरनं ऐकू येनं बंद झालं. मले वाटलं आवाजानंच ऐकू येत नसन." पुढे एक चढ होता. त्याने गियर बदलला आणि म्हणाला, "काकूचा आवाज मी वळखला होता. त्यानं बी वळखला असन काय?"

 

समिती बंद पडली नाही, हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. दारू बंदच राहिली. ताटंसुद्धा वर्षभराने पुन्हा वाजू लागली, फक्त आई आणि सुमनकाकू जायच्या नाहीत. त्या दोघी विहारात अजून शेजारी शेजारी बसतात. पाचव्या शीलावर आईचा आवाज आता चढत नाही. त्या दोघींनी त्या दाराविषयी एकमेकींजवळ कधी एक शब्द काढल्याचं मी ऐकलेलं नाही. मी स्वतः यवतमाळला मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल आहे. माझ्या कामाचं सगळं जागच्या जागी असतं असं लोक म्हणतात. मेसमध्ये मी स्टीलची ताटं बदलून मेलामाइनच्या ताटल्या घेतल्या. कारण विचारलं तर सांगते, धुवायला हलक्या पडतात.

आता हे सगळं लिहायला बसण्याचं कारण. गेल्या पोळ्याला आमच्या गावच्या पोरांनी एका बेशुद्ध मित्राला आरोग्य केंद्राच्या पायरीवर झोपवलं आणि पळून गेली. परिचारिका योगायोगाने बाहेर आली म्हणून तो वाचला. गावात लगेच दोन तट पडले. एका तटाला दंड वाढवून पहिल्याच वेळी पोलिसांत द्यायचं आहे. दुसरा, तरण्या पोरांचा, म्हणतो की लग्नाला एकवीस आणि दारूला पंचवीस हा कुठला हिशेब, वय खाली आणा आणि दुकान उघडा. मला दोन्ही पटत नाहीत. दुकान उघडलं तर मामासारखी माणसं पुन्हा दारूने जातील, हे मला दिसतं. वय एकवीस करावं का अठरा, हे सरकारने ठरवावं. माझ्या वसतिगृहातल्या मुली अठराच्या आहेत आणि कोणत्या आकड्याने त्या शहाण्या होतील हे मला सांगता येणार नाही. पण आकडा कोणताही असो, त्याच्या खालच्या वयाचं पोरगं कधीतरी पिणार आहे, आणि त्या वेळी त्याच्या मित्राला दार उघडायची भीती वाटू नये, एवढं गावाला करता येतं. अमोल आता ग्रामपंचायत सदस्य आहे, त्याचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. त्याने मला ठराव लिहून द्यायला सांगितलं. मी लिहिला. आजारी माणसासाठी जो मदत मागेल त्याचं आणि त्या आजाऱ्याचं नाव कुठेही वाचलं जाणार नाही, चिठ्ठी जाणार नाही. ताट वाजवण्याआधी आवाज देऊन विचारायचं, आत सगळे बरे आहात का. उत्तर आलं नाही तर दार तोडायचं. आणि अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येक पोरापोरीला, पडलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, ते विहारात करून दाखवायचं.

आईने चष्मा लावून ठराव दोनदा वाचला. "हे, बरे हाय का विचाराचं, हे तू लिह्यलं?"

"हो."

"हे मले तवा सुचाले पाह्यजे होतं."

मी म्हटलं, "अनुमोदक म्हणून तुझी सही घेऊ?"

"नाई. मी उभी राह्यली त लोक म्हनतीन, कमल आपला नियम धुऊन राह्यली. सुमन उभी राह्यली तरच गाव ऐकन." कागद माझ्या हातात देत म्हणाली, "आन् मी तिले विचारनार नाई. तू विचार."

काल गेले होते. सुमनकाकू अंगणात बाजेवर मूगवड्या घालत होत्या. जयभीम झाला, चहा आला. गुडघा, गॅसची टाकी, माझ्या वसतिगृहातलं पाणी, सगळं बोलून झालं.

"सोमवारी ग्रामसभेला येणार न काकू?"

"येतो न. तुह्या आईच्या बाजूले बसतो."

"एक ठराव आहे. समितीच्या नियमांचा."

त्यांचा हात थांबला नाही. एक वडी पडली, दुसरी पडली. "कमलनं वाचला?"

"वाचला."

"मंग बरा असन." मी उठायला लागले तशा म्हणाल्या, "तू अर्ध्या चहावर उठून राह्यली म्हंजे काहीतरी कामानं आली होती. काय काम होतं, पोरी?"

मी म्हटलं, असंच आले होते. त्यांनी मागच्या वेळच्या वाळलेल्या वड्या कागदात बांधून दिल्या आणि फाटकापर्यंत आल्या.

आज शनिवार. ठरावाचा कागद पर्समध्ये आहे. सूचक म्हणून अमोलची सही झाली आहे. त्याच्या खालची अनुमोदकाची ओळ रिकामी आहे. सोमवारच्या आत मला पुन्हा त्या अंगणात जायचं आहे, चहाच्या आधी तो कागद बाजेवर ठेवायचा आहे, आणि सुमनकाकूंना विचारायचं आहे.